तांब्यावरचं नाव सापडलं, माणूस कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याकडच्या एका गावातून पणजोबा मुंबईला गिरणीत कामाला गेले. आजोबा सहा-सात वर्षांचे असताना ते वारले. आज घरात त्यांची एकच खूण उरली आहे, नाव आणि ‘१९३१’ एवढं कोरलेला पितळी तांब्या. घराण्यात पाटीलकी नाही, इनाम नाही, कुणी गाजलेलं नाही. अशा माणसाचं आयुष्य कागदांत सापडेल का?

सापडेल. सलग नाही सापडणार, फाटक्या वहीच्या पानांसारखं तुकड्यातुकड्यानं सापडेल. मी पंचवीसेक वर्षं मोडी वाचतोय आणि लोकांना त्यांची माणसं शोधून देतोय. सरदार घराण्यांपेक्षा मला तुमच्यासारखी कामं आवडतात. सरदारांचे वंशज पूर्वज शूर होते हे घरूनच ठरवून येतात. तुम्हाला काहीच माहीत नाही, त्यामुळे कागद जे सांगेल ते तुम्ही ऐकून घ्याल.

साधा माणूस स्वतःबद्दल काही लिहून ठेवत नाही. त्याच्याकडून कुणाला तरी काहीतरी हवं असतं, तेव्हा त्याचं नाव लिहिलं जातं. सरकारला सारा हवा असतो, सावकाराला व्याज, मुकादमाला हजेरी, चाळीच्या मालकाला भाडं, तीर्थाच्या उपाध्यायाला पुढच्या पिढीतला यजमान. म्हणून ‘पणजोबांची माहिती कुठे मिळेल’ असं विचारत फिरू नका. ‘पणजोबा कुणाकुणाचं काय देणं लागत होते’ हे विचारा. पुढे जे सांगतोय ते सगळं या एकाच प्रश्नातून निघतं.

आधी तांब्या. त्यावरची अक्षरं भिंगातून नीट वाचा. नावापुढे ‘यांजकडून’ किंवा नुसतं ‘कडून’ असेल तर ते नाव देणाऱ्याचं आहे, आणि तुमचे पणजोबा म्हणजे तांब्या घेणारा माणूस. लग्नात आलेल्या भांड्यांवर आहेर करणाऱ्याचं नाव घालण्याची पद्धत होती, त्यामुळे कित्येक घरांत भलत्याच माणसाला पणजोबा म्हणून पुजलं जातं. नुसतंच नाव असेल तर भांडं बहुधा स्वतःचं. पंगतीला घरोघरची भांडी गोळा व्हायची, ती परत ओळखू यावीत म्हणून नाव घालून घेत. वडिलांचं आद्याक्षर, गावाचं आद्याक्षर, काही आहे का ते पाहा. आणि एका तांब्यावर थांबू नका. भाऊबंदांच्या माळ्यावरची घागर, परात, हंडा सगळं उतरवून बघा. एका भाऊबंदाच्या घागरीवर बापाचं नाव पूर्ण लिहिलेलं सापडतं आणि दोन महिन्यांचा शोध वाचतो.

भाऊबंद कोण, हे ठरवायची सोपी कसोटी आपल्याकडे तयार आहे: सुतक. कुणाच्या मरणाचं दहा दिवसांचं सुतक तुमच्या घरात पाळतात आणि कुणाचं तीनच दिवसांचं, हे गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा. आडनाव एकच असून सुतक नसेल तर ते घर लांबचं किंवा मुळात वेगळंच. आडनाव वेगळं असून सुतक असेल तर कान टवकारा, कारण एका भावाने गावाच्या नावावरून आडनाव लावलं आणि दुसऱ्याने जुनंच ठेवलं, असं हमखास झालेलं असतं. हे विचारायचं तर घरच्या लेकींना विचारा. ऐंशी वर्षांची आत्याआजी सासरी राहूनही माहेरची वंशावळ बोटांवर मोजते. घरचे पुरुष जमिनीच्या वादापुरतीच लक्षात ठेवतात, आणि तीही आपल्या सोयीनं.

तिला ‘पणजोबा कसे होते’ असं विचारू नका. ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर येईल. पण ‘त्यांना अग्नी कुणी दिला?’, ‘त्या वेळी आजोबांची मुंज, लग्न, शाळा काय चाललं होतं?’, ‘मुंबईहून येताना काय आणायचे?’ असं विचारा. साल विचारूच नका. आधीच्या पिढ्या सालावर जगत नव्हत्या. प्लेगात गाव रानात राहायला गेलं तेव्हा, १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत), बहात्तरच्या दुष्काळात, कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, अशा खुणांवर त्यांचं कॅलेंडर चालतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. अशा दोन-तीन पक्क्या तारखांच्या मध्ये घरातली घटना बसवली की साल आपोआप हाताला लागतं.

आता कागद. सुरुवात नेहमी जमिनीपासून करा. ‘आमच्याकडे दोनच गुंठे आहेत’ असं म्हणून लोक ही पायरी सोडतात आणि मोठी चूक करतात. दोन गुंठ्यांवरसुद्धा सरकारने तितकीच शाई खर्च केलेली असते.

आजचा सातबारा काढा. त्यात नावांशेजारी जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे. प्रत्येक आकडा म्हणजे गाव नमुना ६ मधली, फेरफार नोंदवहीतली, एक गोष्ट. आजच्या नावावरून मागे जायचं. चुलत्याचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं, त्याआधी कुणाचं होतं, ते कशामुळे कमी झालं, असं एकेक पाऊल. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुनी नावं कंसात घातलेली दिसतील, ती खोडली म्हणून दुर्लक्ष करू नका. आपल्याला तीच हवी आहेत. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, तिथे फी भरून पान पाहता येतं. जे तिथे नसेल त्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा, कोर्ट फी स्टँप लावून. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. नोंदी गावोगाव वेगवेगळ्या वर्षी सुरू झाल्या, पण १९३१ चा माणूस त्या काळात नक्की बसतो.

तुम्हाला हवा तो फेरफार म्हणजे पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, त्यास वारस अमुक, सबब नोंद. मृत्यूची तारीख बहुतेक घरांना पहिल्यांदा इथेच कळते. आजोबा तेव्हा लहान होते म्हणालात, मग त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं शोधा. म्हणजे अज्ञान (वयात न आलेला), पालनकर्ता. त्यापुढे पालन करणाऱ्याचं नाव असतं, आणि ते बहुधा आईचं असतं. तुमच्या प्रश्नात पणजीचं नाव कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? ते नाव इथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. थोरल्या चुलत्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा वेळी पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर कधीच आलेलं नसेल, आणि म्हणून ते मुंबईला गेले असतील. जमीन भावाच्या नावावर, हा मुंबईला जाण्याचं कारण सांगणारा कागद आहे.

‘इतर हक्क’ हा रकाना मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश वाचतो. तगाई (सरकारने शेतकऱ्याला दिलेलं कर्ज), सोसायटीचा बोजा, गहाण, मुदत खरेदी. मुदत खरेदी म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, नाही तर गेली. घराची अडचण कोणत्या वर्षी होती हे या रकान्याइतकं स्पष्ट कुणीच सांगत नाही. मुंबईतल्या गिरण्यांचा १९२८ चा संप सहा महिने चालला होता. त्या वर्षी किंवा पुढच्या वर्षी घराची जमीन गहाण पडलेली दिसली, तर पणजोबा तेव्हा गिरणीत होते असं सिद्ध होत नाही, पण शोधायला दिशा मिळते. १९३१ च्या आसपास तोच बोजा कमी झाला असेल, तर मुंबईचा पैसा गावाला पोचत होता असं धरून पुढे शोधा.

जमीन अजिबात नव्हती असं निघालं तरी निराश होऊ नका. गाव नमुना १२ मध्ये जमीन प्रत्यक्ष कोण कसतो त्याचं नाव घालत, त्यामुळे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर तुमचा माणूस कूळ म्हणून भेटतो. १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं तो दिवस) कुळांच्या चौकश्या झाल्या, त्यांच्या जबाबांत बाप-आजाच्या वहिवाटीची माहिती येते. वतनाच्या जमिनी असतील तर वतनं खालसा होतानाचे कागद वेगळे. आणि गावठाणातलं घर तर कुणाचं तरी असतंच, ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, घरपट्टीच्या आकारणीत. एक अडचण मात्र हमखास येते. जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गावात एकत्रीकरण झालं असेल तर जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या वावराचा इतिहास लिहून मोकळे व्हाल. तुमचं गाव औंध किंवा फलटणसारख्या संस्थानात होतं का, हेही विचारून घ्या. ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली आणि त्यांचं दप्तर वेगळ्या वाटेने आलेलं आहे.

यानंतर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. गावात आणि कचेरीत सगळे तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, काम लवकर होईल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतली ही जुनी पुस्तकं कपाटांतून बाहेर आली, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींची पानं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळावर टाकली. जातीच्या दाखल्यासाठी झालेल्या या खटाटोपाचा आमच्यासारख्यांना फुकटचा लाभ झाला. एक फरक ध्यानात ठेवा. दाखला काढणाऱ्याला एक नोंद मिळाली की तो थांबतो. तुम्हाला माणूस हवा आहे, तुम्ही थांबायचं नाही.

कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतं. नोंद बारशाच्या आधीच होई. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, जात, तारीख, एवढंच. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसू नका. पणजोबांचं नाव घेऊन लग्नापासून मृत्यूपर्यंतची सगळी वर्षं चाळा आणि त्यांच्या नावावरचे सगळे जन्म एका कागदावर उतरवा. मग मृत्यूची पानं घ्या आणि त्याच बापाच्या नावावरची मुलं वजा करत जा. हा हिशोब करताना माझा हात अजूनही थांबतो. घरात ‘दोन भाऊ होते’ असं सांगितलेलं असतं आणि पुस्तकात सहा जन्म निघतात. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग आणि सगळ्यात जास्त वेळा नुसतं ‘ताप’. एखाद्या गावाचं १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पान उघडलंत तर ‘ताप’ या एकाच शब्दाने पानंच्या पानं भरलेली दिसतील. तीच मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. आजोबांचं किंवा त्यांच्या भावाचं नाव दगडू, धोंडू, केरबा असं काही असेल तर वरची दोन-तीन पानं जरा जास्त लक्ष देऊन बघा. मुलं जगत नसली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवत.

पुस्तक मोडीत असेल. १९५० च्या आसपासपर्यंत सरकारी लेखन मोडीत सर्रास चाले. मोडीला घाबरू नका, पण वरवर शिकून वाचूही नका. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि कारकुनाच्या घाईप्रमाणे अक्षर बदलतं. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, जमलं तर करा. नाही जमलं तर एवढे शब्द तरी ओळखायला शिका: ‘बिन’ किंवा ‘वल्लद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नसतंच. विठू बिन रामजी, एवढ्यावर सगळा कारभार. आणि हाच विठू पुढच्या कागदात विठोबा, शाळेत विठ्ठल आणि गिरणीत आणखी काहीतरी असतो. ज्ञानू, ज्ञानोबा, ज्ञानदेव, ग्यानबा हे चौघं एकच माणूस असू शकतात.

तारखांचं एक राहिलं. शके दिसलं तर ७८ मिळवा, मात्र पौष-माघ-फाल्गुनात ७९ लागू शकतात. फसली साल (जुनं महसुली साल) असेल तर ५९० मिळवा. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणून ‘१९३१-३२’ च्या पीकपाहणीतला माणूस १९३२ च्या मे महिन्यात जिवंत होता असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होणार आहे. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. त्यामुळे रामजी बिन विठोबा, विठोबा बिन रामजी, पुन्हा रामजी बिन विठोबा, असं चक्र चालू राहतं. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला त्यांच्या पणज्याची म्हणून सुरेख टिपणं करून दिली. जमीन, कर्ज, कोर्टातला दावा, सगळं. नंतर हिशोब केला तर तो माणूस एकशे दहा वर्षं शेती करत होता असं निघालं. दोन रामजी मी एकात शिवले होते. तेव्हापासून नियम केला: नाव आणि बापाचं नाव जुळलं तरी तिसरी गोष्ट जुळल्याशिवाय माणूस एक धरायचा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे बायकोचं नाव, भावाचं नाव, सर्व्हे नंबर, किंवा शेजारी. शेजाऱ्यांचा आधार फार मोठा असतो. खरेदीखतात चतुःसीमा दिलेली असते, पूर्वेस अमक्याचं वावर, दक्षिणेस ओढा. माणसं मरतात, नावं फिरतात, पण पूर्वेचा शेजारी तीस वर्षं तोच असतो. ही खतं दुय्यम निबंधकाकडे, सूचीत नावावरून शोधायची.

शाळेचं जनरल रजिस्टर तुम्ही आजोबांचं काढा, पणजोबांच्या शोधासाठी. ऐकायला विचित्र वाटेल. आजोबा काही काळ मुंबईच्या शाळेत होते का? असतील तर गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात मुंबईच्या शाळेचं नाव आणि दाखल झाल्याची तारीख असेल. बाप वारल्यावर आई मुलांना घेऊन गावी कधी आली, ते या तारखेवरून कळतं. पालकाच्या नावाच्या जागी चुलत्याचं किंवा मामाचं नाव असेल तर त्यानंतर घर कुणी चालवलं तेही कळलं. जन्मतारीख मात्र जपून घ्या. १ जून दिसली तर ती मास्तरांची तारीख. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मूल डोक्यावरून हात नेऊन कानाला लावू शकलं की घातलं पहिलीत आणि ठोकली तारीख. महाराष्ट्राच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो याच कृपेने.

मुंबईचं काम सगळ्यात अवघड, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. गिरण्यांची दप्तरं गिरण्यांबरोबर गेली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, कामगार विम्याचा १९४८ चा. तुमचे पणजोबा बहुधा त्याआधीच गेले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लोक जे पुरावे जोडतात, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, लीव्ह रजिस्टरची प्रत, ते १९८२ च्या संपाच्या वेळी कामावर असलेल्यांचे. त्यांचा तुम्हाला एवढाच उपयोग की घरातल्या पुढच्या कुणी तेच काम धरलं असेल, तर बहुधा त्याच गिरणीत. बदली म्हणून भाऊ-पुतण्याला चिकटवण्याची रीतच होती. अपघातात गेले असं घरात कुणी म्हणत असेल तर सांगा, कारण कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा आहे आणि मग शोध वेगळ्या दिशेने जातो.

मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेची नोंद शोधा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कितीतरी आधीपासून तिथे नोंदी होत आल्या आहेत. फेरफारातली तारीख आणि चाळीचा अंदाजे भाग हातात असल्याशिवाय मात्र अर्ज करू नका, ‘१९३५ ते ४५ मधलं बघा’ म्हटलं की कुणी बघत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. नोंद मिळाली तर तिच्यातला पत्ता हाच खरा खजिना. चाळ कळली की भाडेपावत्या, खोली कुणाच्या नावावर होती, पुढे कुणाच्या नावावर झाली, हे विचारता येतं. बीडीडी चाळींसारख्या सरकारी चाळी असतील तर ताब्याच्या हस्तांतराची कागदपत्रं पुनर्विकासामुळे लोकांनी नुकतीच उकरून काढलेली आहेत.

पण माझा अनुभव विचाराल तर गिरणगावातला उत्तम कागद सरकारचा नसतोच. तो गावच्या मंडळाचा असतो. सातारा, कोकण, नगरकडच्या गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीपाळीने झोपायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या. त्या खोलीचं भाडं, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, मयतीचा खर्च, गावच्या जत्रेची पट्टी, सगळ्याच्या वह्या असत. कुणी किती दिले, कुणाचे राहिले. ही वही आज कुणाच्या तरी माळ्यावर, देवाच्या टाकांबरोबर लाल फडक्यात बांधलेली असते. तुमच्या गावचं मुंबई मंडळ अजून असेल तर त्याच्या सगळ्यात म्हाताऱ्या खजिनदाराला भेटा, फोन करू नका, जा. एका वहीत मी ‘आजारी, गावी गेला, वर्गणी माफ’ अशी नोंद वाचली आहे. ज्या माणसाची होती त्याच्या घरी तोपर्यंत तो हार्टने अचानक गेला असं सांगत.

तीर्थाच्या वह्या लोक पहिल्यांदा बघायला जातात. मी त्या मागे ठेवतो. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यायांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे नामावळी असतात. घरातलं कुणी अस्थी घेऊन गेलं की तेव्हाची हयात माणसं लिहून घेतली जातात, कधी यजमानाच्या हातची सहीही. वाढत्या वयात शिकलेल्या पणज्याची वाकडीतिकडी सही तिथे पाहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आपला उपाध्याय कोण, हे गाव आणि आडनाव पक्कं असल्याशिवाय ठरत नाही, म्हणून आधी जमीन, मग तीर्थ. लिहिणाऱ्याला ज्या तीन पिढ्या आठवत होत्या तेवढ्यावर विसंबा. त्याच्या वरच्या उतरवून घेतलेल्या असतात. दक्षिणा मोकळ्या हाताने द्या, त्या वहीला इतकी वर्षं त्यांनीच वाळवीपासून जपलं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. तुमच्या गावात येत असतील तर कधी येतात ते विचारून ठेवा.

१९१४-१८ च्या लढाईबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. साताऱ्याकडच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा देवळापाशी संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके लोक लढाईला गेले, इतके कामी आले. तुमच्या गावात असेल तर पणजोबांचा एखादा भाऊ त्यात असू शकतो. कामी आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत मिळतात, पुष्कळदा बापाच्या आणि गावाच्या नावासकट. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कामी आलेल्यांची बसऱ्याच्या स्मारकाखाली. जनगणनेच्या मागे मात्र लागू नका, तिचे तक्ते मिळतात, तुमच्या घराचं पान मिळत नाही.

या सगळ्यात नको ते सापडेल, तेही आत्ताच ऐकून ठेवा. पणजी पाटाची (पुनर्विवाह करून आलेली) बायको होती, आधीचं एक लग्न होतं, मुंबईत दुसरं बिऱ्हाड होतं, जात एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरी आहे, कुणीतरी भावाचा अंगठा स्वतः उठवला आहे. मी हे कुटुंबाला सांगतो, पण आधी एकट्याला, आणि हयात म्हाताऱ्यांसमोर नाही. ज्या आत्याआजीने तुम्हाला सुतकाची घरं मोजून दाखवली, तिला तिच्या आईचा पाट कागदावर दाखवायला जाऊ नका. तिला तो बहुतेक तुमच्या आधीपासून माहीत असतो.

टिपणं ठेवताना प्रत्येक कागदाचा फोटो, त्याच्यावर तारीख, कुठल्या कचेरीतलं कुठलं पुस्तक, पान कितवं, एवढं लिहा. जुळलेलं शाईने, अंदाजाचं पेन्सिलीने. मी अजून असंच करतो आणि पेन्सिलीचं नेहमी जास्त असतं.

राहता राहिला तुमचा १९३१. तांब्यावर साल दोन कारणांनी घालतात, लग्न किंवा खरेदी. कोतवाल बुकात पणजोबांच्या नावावरचा पहिला जन्म १९३२ किंवा त्यानंतरचा निघाला, तर तो तांब्या रुखवताचा किंवा आहेराचा असणं शक्य आहे, आणि मग तो तुमच्या पणजीच्या माहेराकडे बोट दाखवतो. तिथल्या गावाचं कोतवाल बुक वेगळं काढावं लागेल. पहिला जन्म १९३१ च्या आधीचा असेल, तर मुंबईच्या पगारातून घेतलेलं भांडं म्हणून बघा, आणि त्या वर्षीचा ‘इतर हक्क’ पुन्हा एकदा वाचा. आणि बुकात त्यांच्या नावावर जन्मच नसतील, तर मुलं बहुधा मुंबईत झाली. मग अभिलेख कक्षातून उठा आणि मंडळाच्या खजिनदाराकडे जा.